मूल्यांकनाचे प्रगत पुस्तक अभ्यासावे कसे

शेअर विश्लेषण आणि मूल्यांकन या विषयावरची प्रगत पुस्तके सहज सातशे-आठशे पानांची असतात, आणि ती उत्साहाने हाती घेणारे अनेक जण भांडवलाच्या खर्चाच्या (म्हणजे कर्ज देणारे आणि भागधारक आपल्या पैशावर अपेक्षितात त्या परताव्याच्या) प्रकरणापाशी येऊन थांबतात. जे थांबत नाहीत त्यांचीही स्थिती फार बरी असते असे नाही. असे पहिले पुस्तक मी चार महिने खपून अथपासून इतिपर्यंत वाचले, निम्म्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या, आणि त्यानंतर एका कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला तेव्हा ताळेबंदातली ‘इतर चालू दायित्वे’ ही ओळ व्यवसायात मोजायची की कर्जात, एवढेही मला सांगता येईना. दोष पुस्तकाचा नव्हता. ते गणिताच्या पुस्तकासारखे सोडवायचे होते आणि मी ते नुसते वाचले होते.

म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे : एक पुस्तक, एक कंपनी आणि एक स्प्रेडशीट ही तिन्ही शेजारी ठेवूनच अभ्यास करायचा. पुस्तकातले प्रत्येक महत्त्वाचे प्रकरण स्वतःच्या कंपनीच्या आकड्यांवर लागू झाल्याखेरीज पुढचे प्रकरण उघडायचे नाही. या वेगाने एका पुस्तकाला सहा महिने ते वर्ष लागते, पण त्यानंतरचे दुसरे पुस्तक महिन्या-दोन महिन्यांत संपते, कारण प्रगत पुस्तकांचा गाभा बराचसा सारखाच असतो.

आधी स्वतःची परीक्षा

प्रगत पुस्तक झेपेल की नाही हे ठरवायला पदवीपेक्षा एक छोटा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. एखाद्या कंपनीचा निव्वळ नफा १०० आहे आणि त्याच वर्षी व्यवसायातून हाती आलेली रोख मात्र ४० आहे. मधले ६० कुठे गेले? नफ्यात घसाऱ्याचे १० मिळवले, कारण तो खर्च रोखीने झालेला नाही. ग्राहकांकडची येणी ४५ ने वाढली, साठा ३० ने वाढला, म्हणून ते ७५ वजा केले. पुरवठादारांची देणी ५ ने वाढली, ती मिळवली. उत्तर ४० येते. हे गणित कागदाशिवाय समजत असेल आणि येणी वाढणे हे वाढीचेही लक्षण असू शकते व उधारीवर माल खपवल्याचेही, असा प्रश्न आपोआप मनात उठत असेल, तर मूल्यांकनाचे पुस्तक उघडायला हरकत नाही. नसेल, तर आधी लेखाशास्त्राचे एखादे सुबोध पुस्तक घेऊन नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक ही तिन्ही एकमेकांत कशी गुंतलेली असतात ते पक्के करावे. ही पायरी टाळून पुढे गेलेला विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, पण सूत्रात घालायचा आकडा अहवालातून उचलताना चुकतो, आणि ही चूक शेवटच्या उत्तरात दिसतही नाही.

कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती

या विषयाचे दोन जुने झरे आहेत. १९३४ साली आलेल्या ग्रॅहम आणि डॉड यांच्या ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ने पत्रके कठोरपणे वाचण्याची आणि किंमत व मूल्य यांत सुरक्षिततेचे अंतर ठेवण्याची शिस्त दिली, १९३८ साली जॉन बर विल्यम्स यांनी शेअरचे मूल्य म्हणजे त्यापासून भविष्यात मिळणाऱ्या लाभांशाचे वर्तमान मूल्य (आजच्या पैशातली किंमत), हा विचार पद्धतशीरपणे मांडला. आजची पाठ्यपुस्तके या दोन्ही धाग्यांचे विणकाम आहेत. मॅकिन्झीच्या सल्लागारांचे ‘व्हॅल्युएशन’, ज्याची पहिली आवृत्ती १९९० ची आहे, भांडवलावरचा परतावा आणि वाढ यांच्या नात्यावर उभे आहे. अश्वथ दामोदरन यांच्या पुस्तकांचा आवाका सर्वांत मोठा असून तोट्यातल्या आणि नवख्या कंपन्यांपासून ऑप्शनसारख्या (ठरलेल्या भावाला खरेदी-विक्रीच्या हक्कासारख्या) मूल्यांकनापर्यंत सगळे त्यांत येते. स्टीफन पेनमन लेखापत्रकांपासून सुरुवात करतात आणि अंदाजावर कमीत कमी भिस्त ठेवतात.

माझे मत असे की पहिले पुस्तक म्हणून परतावा आणि वाढ यांच्या नात्यावर भर देणारे निवडावे, कारण तेच नाते पुढे सगळीकडे लागते. १९३४ चे पुस्तक मात्र पहिले म्हणून घेऊ नये. ते थोर आहे, पण त्यातली बरीच उदाहरणे त्या काळच्या रेल्वे कंपन्यांची आणि रोख्यांची आहेत, आणि त्यातला युक्तिवाद खऱ्या अर्थाने कळतो तो स्वतः दोन-चार कंपन्यांची पत्रके उलगडून झाल्यावर. एका वेळी दोन पुस्तके चालवू नयेत. लेखकांच्या व्याख्या थोड्या-थोड्या वेगळ्या असतात, एकाची ‘गुंतवलेले भांडवल’ ही कल्पना दुसऱ्याच्या सूत्रात घातली की गोंधळ होतो, आणि नवशिक्याला तो गोंधळ स्वतःच्या बुद्धीचा दोष वाटू लागतो.

आवृत्तीकडे दुर्लक्ष करू नये. वर्तमान मूल्याचे गणित जुने होत नाही, लेखानियम मात्र बदलतात. सर्वांत ठळक उदाहरण भाडेकराराचे आहे. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक १६ (IFRS 16) हे १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. त्याआधी दीर्घ मुदतीचे बरेचसे भाडेकरार ताळेबंदाबाहेर असत, म्हणून जुनी पुस्तके ‘भाड्याचे वर्तमान मूल्य काढून ते कर्जात मिळवा’ असे सांगतात. हे मानक पाळणाऱ्या आजच्या कंपनीच्या अहवालात ते दायित्व आधीच ताळेबंदात बसलेले असते. जुन्या पुस्तकाप्रमाणे तो फेरफार पुन्हा केला तर एकच कर्ज दोनदा मोजले जाते. गुडविलचे (दुसरी कंपनी विकत घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेल्या किमतीचे) आणि कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर ऑप्शनच्या खर्चाचे नियमही २००० नंतरच्या काही वर्षांत असेच बदलले, त्यामुळे त्यापूर्वीच्या आवृत्तीतले आकडे आणि आजच्या अहवालातले आकडे एकास एक जुळणार नाहीत.

सरावाची कंपनी

सरावासाठी कंपनी निवडताना ती गुंतवणुकीला चांगली आहे का, हा प्रश्न पूर्ण बाजूला ठेवावा. हवी ती नीरस कंपनी : एकच धंदा, शक्यतो वस्तू बनवून विकणारा, दहा वर्षांचे अहवाल उपलब्ध, अलीकडे मोठे विलीनीकरण झालेले नाही, बँक किंवा विमा कंपनी नाही. जिचे शेअर आपल्याकडे आहेत ती कंपनी तर मुळीच घेऊ नये, कारण मग विद्यार्थी मूल्य शोधत नाही, आपल्या खरेदीचे समर्थन शोधतो.

दहा वर्षांचे आकडे एखाद्या संकेतस्थळावरून तयार उचलून आणण्याचा मोह होतो. निदान तीन वर्षांचे आकडे अहवाल समोर ठेवून हाताने भरावेत. टिपणे वाचल्याशिवाय काही ओळी भरताच येत नाहीत, आणि शिक्षण तिथेच होते : ‘अपवादात्मक खर्च’ दरवर्षी कसा येतो, उपकंपनीतला बाहेरच्यांचा हिस्सा कुठे दाखवला आहे, विकास खर्च भांडवली धरला आहे की थेट नफ्यातून वजा केला आहे.

एक प्रकरण, तीन वाचने

प्रत्येक प्रकरण तीन वेळा वाचावे, आणि तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. पहिले वाचन पेन्सिलीशिवाय, एका बैठकीत. लेखक कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे एवढेच शोधायचे आणि शेवटी पुस्तक मिटून ते दोन वाक्यांत मराठीत लिहायचे. ती दोन वाक्ये इंग्रजी संज्ञांचा आधार न घेता लिहिता आली नाहीत, तर विषय समजलेला नाही असे खुशाल समजावे. दुसऱ्या वाचनात पुस्तकातले उदाहरण स्प्रेडशीटमध्ये पहिल्या घरापासून स्वतः उभे करायचे, लेखकाने दिलेली तयार फाइल न उघडता. तिसऱ्या वाचनात तेच आपल्या कंपनीवर करायचे.

दुसऱ्या वाचनात उत्तर जुळले नाही तर ‘किरकोळ फरक आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. एकदा पुस्तकातले उत्तर माझ्या उत्तरापेक्षा सतत ४.९ टक्के जास्त येत होते. सूत्रे तपासली, आकडे तपासले, दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की डिस्काउंट दर (भविष्यातली रोख आजच्या मूल्यात उतरवण्याचा दर) १० टक्के आहे आणि १.१० चे वर्गमूळ १.०४८८ येते. रोख वर्षाच्या शेवटी एकदम येत नाही, ती वर्षभर येत राहते, म्हणून सरासरीने ती वर्षाच्या मध्याला आली असे लेखकाने धरले होते. ही सूचना चार प्रकरणे आधी एका तळटीपेत होती. ती तळटीप नुसती वाचली होती तेव्हा काहीच कळले नव्हते. त्या फरकामागे लागल्यावर ती कायमची कळली.

पत्रकांची फेरमांडणी : इथे घाई नको

प्रगत पुस्तकातले सर्वांत कंटाळवाणे वाटणारे आणि सर्वांत जास्त वेळ देण्याजोगे प्रकरण म्हणजे ताळेबंदाची फेरमांडणी. कंपनीचा ताळेबंद मालमत्ता आणि दायित्वे अशा दोन बाजूंनी मांडलेला असतो. विश्लेषकाला तो धंद्यात अडकलेले भांडवल आणि ते भांडवल पुरवणारे लोक अशा दोन भागांत हवा असतो.

समजा, येणी १८०, साठा १२०, पुरवठादारांची देणी १५०. म्हणजे खेळते भांडवल १५०. यंत्रे-इमारती घसारा जाऊन ४००. पूर्वी एक कंपनी विकत घेतली तेव्हाचे गुडविल ३५०. धंद्याला लागत नाही अशी जादा रोख २००. एकूण ११००, आणि ते आले कर्जातून २५० व भागधारकांकडून ८५०. कार्यकारी नफा (व्याज आणि कर यांच्या आधीचा धंद्याचा नफा) १२०, कराचा दर २५ टक्के, म्हणून करोत्तर कार्यकारी नफा ९०. आता भांडवलावरचा परतावा किती? सगळ्या ११०० वर मोजला तर ८.२ टक्के. जादा रोख वगळून ९०० वर मोजला तर १० टक्के. गुडविलही वगळून ५५० वर मोजला तर १६.४ टक्के.

नवशिका विचारतो, यांतले खरे उत्तर कोणते. खरे म्हणजे हे तीन वेगळे प्रश्न आहेत. १६.४ टक्के हे धंद्याच्या अंगभूत ताकदीचे उत्तर आहे, कारण उद्या आणखी एक कारखाना उभारायचा झाला तर त्याला गुडविल लागणार नाही. १० टक्के हे व्यवस्थापनाने ती दुसरी कंपनी घेताना मोजलेल्या किमतीसह झालेल्या कामगिरीचे उत्तर आहे. ८.२ टक्के या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण त्यात अंशस्थानी रोखीवरचे व्याज नाही आणि छेदस्थानी मात्र रोख आहे. अंश आणि छेद एकाच वस्तूचे आहेत ना, हे तपासण्याची सवय या प्रकरणातून लागली तर पुस्तकाची किंमत वसूल झाली.

‘इतर चालू दायित्वे’ ही माझी जुनी अडचणही इथेच सुटते. त्या ओळीत ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम असेल तर ती धंद्याची आहे आणि खेळत्या भांडवलातून वजा होते. त्यात कर्जाचा चालू वर्षात फेडायचा हप्ता असेल तर ते कर्ज आहे. ओळीच्या नावावरून हे ठरत नाही, टिपणातून ठरते.

वाढ, परतावा आणि त्यांच्यातला दुवा

पुस्तकाचा प्राण ज्या एका नात्यात आहे ते असे : कंपनीला वाढायचे तर नफ्याचा काही भाग पुन्हा धंद्यात घालावा लागतो, आणि किती घालावा लागतो हे भांडवलावरच्या परताव्यावर ठरते. दर वर्षी ५ टक्के वाढायचे असेल आणि नव्या भांडवलावर १० टक्के परतावा मिळत असेल, तर नफ्याचा निम्मा भाग आत जातो. परतावा २० टक्के असेल तर पाव भाग पुरतो. मूल्य म्हणजे उरलेली रोख भागिले (भांडवलाचा खर्च वजा वाढीचा दर).

येत्या वर्षाचा करोत्तर कार्यकारी नफा १०० आणि भांडवलाचा खर्च १० टक्के धरून हे हाताने करून पाहावे. परतावा २० टक्के, वाढ ५ टक्के : उरलेली रोख ७५, भागिले ०.०५, मूल्य १५००. परतावा १० टक्के, वाढ तीच : रोख ५०, मूल्य १०००. परतावा ८ टक्के : रोख ३७.५, मूल्य ७५०. आणि वाढ अजिबात नसेल, तर नफा पूर्ण हाती येतो आणि परतावा काहीही असला तरी मूल्य १०००. म्हणजे ८ टक्के परतावा मिळवणारी कंपनी जितकी वाढते तितके मालकांचे मूल्य घटवते, आणि भांडवलाच्या खर्चाइतकाच परतावा मिळवणारी कंपनी वाढली काय आणि न वाढली काय, फरक पडत नाही. ‘वाढणारी कंपनी म्हणजे चांगली कंपनी’ ही समजूत या चार ओळींपुढे टिकत नाही.

आता याच गणितातली विद्यार्थ्यांची नेहमीची चूक पाहू. १० टक्के परताव्याच्या उदाहरणात रोख ५० आहे आणि मूल्य १०००. विद्यार्थी स्प्रेडशीटमध्ये वाढीच्या घरात ५ च्या जागी ६ टाकतो. रोख ५० तशीच राहते, छेद ०.०४ होतो, मूल्य १२५० दिसते. एका टक्क्याने मूल्य पावपट वाढले म्हणून तो हरखतो किंवा घाबरतो. प्रत्यक्षात ६ टक्के वाढीसाठी नफ्यातले ६० आत घालावे लागतील, रोख ४० उरेल, आणि ४० भागिले ०.०४ म्हणजे पुन्हा १०००च. ते २५० हवेतून आले होते, कारण वाढीचे घर आणि पुनर्गुंतवणुकीचे घर सूत्राने जोडलेले नव्हते. आपल्या स्प्रेडशीटमध्ये ही दोन घरे जोडलेली आहेत का, हे पहिल्या दिवशीच तपासावे.

आपले गणित बरोबर आहे की नाही हे सांगायला शिक्षक नसला तरी एक तपासणी घरबसल्या करता येते. तेच मूल्य आर्थिक नफ्याच्या पद्धतीने पुन्हा काढावे. परतावा २० टक्के आणि नफा १०० म्हणजे सुरुवातीचे भांडवल ५००. त्यावरचा १० टक्के खर्च ५०, म्हणून आर्थिक नफा ५०. तो ५ टक्क्यांनी वाढत जाणार, म्हणून त्याचे वर्तमान मूल्य ५० भागिले ०.०५, म्हणजे १०००. त्यात मूळ भांडवल ५०० मिळवले की १५००. दोन्ही पद्धतींची उत्तरे शेवटच्या अंकापर्यंत जुळलीच पाहिजेत. न जुळल्यास कुठेतरी भांडवल आणि रोख यांचा मेळ तुटलेला असतो.

दूरच्या वर्षांचे मूल्य

पुस्तके अंदाजाची पहिली पाच किंवा दहा वर्षे सविस्तर मांडतात आणि त्यापुढच्या सगळ्या काळाचे एकच टर्मिनल मूल्य काढतात. ‘मूल्याचा बहुतेक भाग टर्मिनल मूल्यात आहे, म्हणून ही पद्धत निरुपयोगी,’ असा आक्षेप ऐकू येतो. वरच्याच ५ टक्के वाढीच्या आणि १००० मूल्याच्या उदाहरणात पहिल्या दहा वर्षांच्या रोखीचे वर्तमान मूल्य सुमारे ३७२ येते आणि पुढचे ६२८. सविस्तर अंदाज पाचच वर्षांचा केला तर तेच प्रमाण २०७ आणि ७९३ होते. कंपनी तीच, मूल्यही तेच. रेघ कुठे ओढली एवढाच फरक. त्यामुळे टर्मिनल मूल्याचा वाटा किती याची चिंता करण्यापेक्षा रेघ ओढतो त्या वर्षी कंपनी खरोखर स्थिरावलेली असेल का, हे विचारावे. कायमच्या वाढीचा दर ती कंपनी ज्या अर्थव्यवस्थेत आहे तिच्या महागाईसह वाढीपेक्षा जास्त धरता येत नाही, नाहीतर कधीतरी कंपनी अर्थव्यवस्थेपेक्षा मोठी ठरते. त्या टप्प्यानंतर नव्या भांडवलावरचा परतावा किती, हेही स्पष्ट लिहावे. तो कायम उंच धरणे म्हणजे स्पर्धक कधीच येणार नाहीत असे गृहीत धरणे.

भांडवलाच्या खर्चापाशी अडू नये

ज्या प्रकरणापाशी वाचक थांबतात त्याला मी सर्वांत कमी वेळ देईन. विल्यम शार्प यांनी १९६४ मध्ये मांडलेले प्रतिमान (कॅपिटल अ‍ॅसेट प्राइसिंग मॉडेल) समजून घ्यावे, बीटा म्हणजे काय (बाजार हलतो तेव्हा शेअर किती हलतो याचे माप) ते कळावे, आणि पुढे सरकावे. एखाद्या शेअरचा बीटा ६० महिन्यांच्या परताव्यावरून १.२ आला आणि त्याची प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याचे माप) ०.२५ असली, तर खरा बीटा ०.७ ते १.७ मध्ये कुठेही असू शकतो; बाजाराचा जोखीम अधिमूल्य दर (जोखमीविना मिळणाऱ्या परताव्यापेक्षा शेअर बाजारात अपेक्षित असलेला जादा परतावा) ५ टक्के धरला तर भागभांडवलाच्या खर्चात हा ५ टक्क्यांचा फरक झाला. अशा आकड्याचा दुसरा दशांश शोधत बसण्यात अर्थ नाही. त्या उद्योगातल्या अनेक कंपन्यांच्या बीटांची सरासरी घेणे जास्त भरवशाचे.

तीन नियम मात्र इथे मोडता येत नाहीत. रोख ज्या चलनात आणि महागाईसह किंवा महागाईविना जशी मोजली, दरही तसाच असावा. कर्ज आणि भागभांडवल यांची वजने पुस्तकी मूल्याने नव्हे तर बाजारमूल्याने घ्यावीत. आणि भांडवलाचा सरासरी खर्च वापरत असू तर रोख प्रवाहातून व्याज वजा करू नये, कारण ते दरात आधीच आले आहे.

व्यवसायाच्या मूल्यापासून शेअरच्या मूल्यापर्यंत येताना जादा रोख मिळवायची, कर्ज, अपुरी पेन्शन तरतूद आणि उपकंपन्यांतला बाहेरच्यांचा हिस्सा वजा करायचा, आणि ऑप्शनमुळे वाढू शकणारे शेअर धरून भागायचे. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी रोखीवरचे व्याज नफ्यात ठेवले आणि शेवटी रोखही मिळवली. कंपनी मोठी स्वस्त दिसत होती.

गुणोत्तरे आणि उलटे गणित

किंमत-नफा गुणोत्तरासारखी गुणोत्तरे ही वेगळी पद्धत नसून वरच्याच सूत्राचा संक्षेप आहे. आपल्या तीन उदाहरणांत मूल्य भागिले नफा अनुक्रमे १५, १० आणि ७.५ येते, आणि तिघींची वाढ ५ टक्केच आहे. म्हणून ‘वाढ सारखी असून ही कंपनी स्वस्त मिळते’ हे वाक्य परतावा पाहिल्याशिवाय बोलता येत नाही. गुणोत्तरांचे प्रकरण मूल्यांकनाच्या गाभ्यानंतरच वाचावे, पुस्तकात ते आधी आले असले तरी.

बाजारभाव घेऊन मागे जाणे हा सर्वांत उपयुक्त सराव आहे. व्यवसायाची बाजारातली किंमत १५००, नफा १००, भांडवलाचा खर्च १० टक्के असेल, तर बाजार काय गृहीत धरतो आहे? २० टक्के परताव्यासह ५ टक्के वाढ, किंवा १५ टक्के परताव्यासह ६ टक्के वाढ, किंवा ३० टक्के परताव्यासह सुमारे ४.३ टक्के, तिन्हींचे उत्तर १५०० च येते. आता दहा वर्षांच्या फेरमांडणीतून कंपनीचा खरा इतिहास आपल्यासमोर असतो आणि तिने यांतले काय कधी साधले आहे ते पाहता येते. स्वतःचा अंदाज बरोबर का, यापेक्षा बाजाराचा अंदाज शक्य वाटतो का, हा प्रश्न विचारायला सोपा आहे.

बँकांचे मूल्यांकन शेवटी ठेवावे. त्यांच्यासाठी ठेवी आणि कर्ज हा कच्चा माल असतो, त्यामुळे धंद्याचे भांडवल आणि कर्ज वेगळे काढण्याची सारी फेरमांडणी तिथे चालत नाही आणि थेट भागभांडवलावरून मूल्य काढावे लागते. धातू-तेलासारख्या चक्राकार धंद्यांत तेजीच्या वर्षाचा नफा पुढे ओढू नये, पूर्ण चक्राची सरासरी घ्यावी. ऑप्शन पद्धतीची प्रकरणे पहिल्या फेरीत सोडून दिली तरी चालतात.

पुस्तक संपले की सरावाच्या कंपनीचे मूल्यांकन दोन पानांत लिहून काढावे : तारीख, त्या दिवशीचा भाव, आपले मूल्य, आणि विक्रीची वाढ, नफ्याचे प्रमाण, एकक विक्रीसाठी लागणारे भांडवल व डिस्काउंट दर ही चार गृहीतके, प्रत्येकाचे कारण एका ओळीत. ती फाइल बंद करावी आणि वर्षभराने नवा अहवाल आला की उघडावी. भाव कुठे गेला हे आधी पाहू नये. चारही गृहीतकांसमोर प्रत्यक्ष आकडा लिहावा आणि ज्या ओळीत सर्वांत मोठा फरक पडला असेल त्या विषयाचे पुस्तकातले प्रकरण चौथ्यांदा काढावे.